पोर्तुगालविरुद्ध आमचं गाव

आमच्या ग्रामपंचायतीने पोर्तुगालशी संबंध तोडले त्या दिवशी सभेपुढचा खरा विषय कोंडवाड्याच्या कुलपाचा होता. तो तहकूब झाला. पुढे बरेच महिने कोंडवाड्याला कुलूप मिळालं नाही आणि गावची गुरं मनाला येईल तशी आत-बाहेर करत राहिली. पण देशापुढे एवढे मोठे प्रश्न उभे असताना गुरांकडे कोण बघतो?

गावाचं नाव मी सांगणार नाही. भोसरी आणि तळवडे यांच्या मधे कुठेतरी आहे, एवढं पुरे. तिथली मंडळी अजून मला लग्नकार्याला बोलावतात आणि पंगतीत आग्रह करकरून वाढतात. ते बंद व्हायला नको.

मी मूळचा बार्शीकडचा. नोकरी खडकीला, कारकुनाची. पुण्यात जागा मिळेना म्हणून बिऱ्हाड या गावात केलं, आणि इंग्रजी अर्ज लिहून देता देता एक दिवस पंचायतीत निवडूनही आलो. प्रतिस्पर्ध्याला ऐन प्रचारात गालगुंड झालं म्हणून मी आलो, असं पंचायतीतले दुसरे सभासद मारुतराव चारचौघांत सांगतात. गालगुंड त्याला झालं होतं, मतदारांना नव्हे, हे मी किती वेळा समजावून सांगितलं असेल! पण या देशात लोकशाही अजून रुजायची आहे.

प्रकरणाची सुरुवात इनासपासून झाली. इनास हा गोव्याचा ख्रिस्ती. पोरवयात मामाचं बोट धरून खडकीच्या छावणीत आला, मामा वारल्यावर आमच्या गावात त्याने पावाची भट्टी घातली. त्याआधी गावात पाव फक्त आजाऱ्याला देत. इनासची भट्टी पेटल्यापासून गावात आजारी फार पडू लागले. पिंपरीला औषधांचा नवा कारखाना उभा राहिला, त्याच्या कँटीनलाही रोज सकाळी इनासच्या सायकलवरून पाव जाऊ लागले. माणूस इतका गरीब स्वभावाचा, की भट्टीजवळून जाणाऱ्या कुत्र्यालासुद्धा 'या' म्हणायचा.

या इनासचं लग्न पस्तिशी आली तरी होत नव्हतं. शेवटी गोव्यातल्या त्याच्या आत्याने कुळें स्टेशनच्या जवळ एक स्थळ काढलं. मुलीचं नाव आनमारी, बापाचं बोस्त्यांव. बापाने एकच अट घातली. मुलाकडची दोन वडीलधारी माणसं घरी येऊन शब्द देऊन गेली पाहिजेत. नाहीतर बोटीवरचा एक खानसामा मुलीसाठी तयार होता, आणि त्याला तीन काका होते.

"मला कुणीच नाही," इनासने पारावर येऊन सांगितलं. त्याला आमच्याकडून काही नको होतं. सांगायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून त्याने आम्हाला सांगितलं.

सरपंच कोंडाजी पाटील तंबाखू मळत होते. ते थांबले.

"कोन न्हाई म्हंजे?" ते म्हणाले. "आख्खी ग्रामपंचायत हाय. आमी जातो शब्द द्यायला. उद्धवराव, तुमी बी चला. कागदपत्र तुमाला कळत्यात."

उद्धवराव म्हणजे मी. मला कागदपत्रं कळतात ही अफवा गावात कुणी उठवली, ते मला माहीत नाही.

साल पंचावन्न. गोव्याचं प्रकरण तापलेलं होतं. रोज वर्तमानपत्रात सत्याग्रह, अटका, परवाने असलं काहीबाही येत होतं. मी म्हटलं, आधी मुंबईला चौकशी करू, परवाना काढू. पण मारुतरावांचे मेहुणे एकदा गोव्यात म्हार्दोळला देवदर्शन करून आले होते. त्यांच्या मते परवाना वगैरे सगळं नाक्यावरच मिळतं, फक्त माणूस बऱ्या घरचा दिसला पाहिजे. म्हणून कोंडाजींनी नवा फेटा घेतला. मी लग्नातला कोट काढला. आमच्या हिने त्याच्या खिशात कापूर ठेवला होता, त्यामुळे सबंध प्रवासात माझ्याभोवती देवळासारखा वास येत होता. बरोबर नारळ, पेढे, मुलीसाठी इरकली लुगडं, आणि कोंडाजींच्या बंडीच्या आतल्या खिशात ग्रामपंचायतीचा शिक्का. शिक्का ते गावात ठेवून जायला तयार नव्हते.

"मागं मारुतराव हाय," एवढंच ते म्हणाले.

पोर्तुगीज हद्दीतल्या पहिल्या नाक्यावर, कुळें स्टेशनवर, गाडी थांबली आणि आम्हाला खाली उतरवून एका टेबलापुढे उभं केलं. टेबलामागे एक गोरा अधिकारी घाम पुसत बसला होता, शेजारी त्याचा दुभाषा. छापील कागद भरायचा होता. नाव लिहिलं, गाव लिहिलं. कुणाकडे जाणार? मी माझ्या उत्तम अक्षरात बोस्त्यांवचं नाव आणि घराची खूण लिहिली, शेजारच्या क्रुसाचाही उल्लेख केला. मग आला व्यवसाय.

"लिवा," कोंडाजी म्हणाले, "लोकांनी निवडून दिलेला सरपंच."

"आपण शेतीही करता," मी सुचवून पाहिलं.

"शेती काय कुनीबी करतंय."

मग मीही, नाही म्हणायला, स्वतःपुढे 'लोकनियुक्त सभासद' असं लिहिलं. कारकून लिहिलं असतं तर ते खोटं ठरलं नसतं. पण शेजारी सरपंच उभे असताना आपण कारकून कसे होणार?

दुभाष्याने ते वाचून अधिकाऱ्याला सांगितलं. अधिकाऱ्याचा रुमाल गालावरच थांबला. दुभाष्याने आमच्याकडे झुकून हळूच सांगितलं, "पाटीलबाब, तेवढं खोडा आणि शेतकरी लिहा. सोडतील. हे निवडून आलेलं वगैरे साहेबाला मानवत नाही. दिवस वाईट आहेत."

"का? ह्येला कुनी निवडून दिला न्हाई व्हय?" कोंडाजींनी विचारलं.

हे दुभाष्याने भाषांतरित केलं नाही, याबद्दल मी त्याचा जन्मभर ऋणी आहे. पण कोंडाजींना वाटलं, साहेबाची खात्री पटत नसावी. आपल्याकडे तलाठ्याची खात्री पटत नसली की काय करतात? शिक्का मारतात. कोंडाजींनी बंडीतून शिक्का काढला, त्यावर हा: करून तोंडाची वाफ सोडली आणि तो त्या कागदावर, नेमका पोर्तुगालच्या राजचिन्हावर, सगळा जोर लावून हाणला. टेबलावरची दौत कलंडली.

पुढचं फार पटकन झालं. अधिकारी उभा राहिला, त्याच्या भाषेत काही बोलला, आणि दोन शिपायांनी आम्हाला परतीच्या गाडीत नेऊन बसवलं. नारळ आमच्याबरोबर परत आला. पेढे आले नाहीत.

डब्यात मी म्हटलं, "पाटील, खोडलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"उद्धवराव, लोकांनी दिलेलं आपुन कसं खोडायचं? त्येंनी दिलंय, त्येंनीच खोडावं."

लोंढ्यापर्यंत ते अपमान झालेले कोंडाजी होते. मिरज येईपर्यंत ते अपमान झालेला देश झाले.

दुसऱ्याच दिवशी सभा भरली. लोकप्रतिनिधींना एखाद्या देशाने आत घेतलं नाही तर त्यांच्या सरकारने काय करायचं असतं, याबद्दल मी वर्तमानपत्रं चाळून ठेवली होती. मी वाचून दाखवलं, की राजदूत परत बोलावतात. पण आम्ही पाठवलेलाच नव्हता. व्यापार थांबवतात. इथे मारुतरावांनी माझ्याकडून पूर्वी कधीतरी ऐकलेली माहिती बाहेर काढली, की मिरची या देशात पोर्तुगीजांनी आणली. तेव्हा मिरचीवर बहिष्कार घालावा, असं त्यांनी सुचवलं आणि ते टाळ्यांच्या गजरात मंजूर झालं. हा बहिष्कार दिवेलागणीपर्यंत टिकला. मग घरोघरी जेवणं झाली आणि तो पुन्हा कुणी काढला नाही.

उरले दोन उपाय. एक, निषेधाचा खलिता. दुसरा, जशास तसं. म्हणजे त्यांनी आमच्या माणसांना आत घेतलं नाही, तर आपणही त्यांच्या माणसांना आत घ्यायचं नाही. मी ठराव लिहिला. स्वतःची स्तुती करू नये, पण चांगला लिहिला होता: 'पोर्तुगीज प्रजाजनास या गावच्या शिवेच्या आत प्रवेश मिळणार नाही.' सगळ्यांनी हात वर केले. तेवढ्यात इनास आला. सभेला तो नेहमी गरम पाव घेऊन यायचा. पाव वाटता वाटता त्याने ठराव ऐकला आणि त्याचा हात टोपलीतच राहिला.

"म्हणजे मी?"

खरं सांगतो, त्या क्षणापर्यंत आमच्यापैकी एकालाही इनास पोर्तुगीज आहे हे सुचलं नव्हतं. आमच्या डोळ्यांपुढे पोर्तुगीज म्हणजे तो घाम पुसणारा.

"कागदावरच फक्त," मी म्हणालो.

"आनि ठराव परवेशाचा हाय," कोंडाजी घाईघाईने म्हणाले. "तू आतच हायेस. तुला कोन काय म्हनतंय? खा, पाव खा."

पाव त्याचेच होते, पण त्याने एक घेतला आणि खाल्ला.

खलिता पोर्तुगीज भाषेत जायला हवा, यावर मारुतराव अडून बसले. नाहीतर साहेब म्हणेल समजलं नाही. आणि गावात पोर्तुगीज अक्षर येणारा कोण? तर इनास. त्या बिचाऱ्याने आपल्याच सरकारला आपल्याच विरुद्ध निषेधाचं पत्र लिहिलं, तेही भट्टी विझवून, हात धुऊन, मन लावून. लिहून झाल्यावर त्याने आम्हाला मराठीत वाचून दाखवलं. पाद्रीबाबांच्या शाळेत तो जेमतेम दोन वर्षं गेला होता आणि त्याला पत्राचा एकच नमुना ठाऊक होता, पाद्रीला करायच्या विनंतीचा. त्यामुळे निषेध कडकच होता, पण शेवट 'आपल्या पवित्र हस्तांचे नम्र चुंबन घेऊन' असा होता.

"हे चुंबन कशाला?" मी विचारलं.

"त्याशिवाय पत्र पुरं होत नाही, साहेब."

"रीत आसंल तर ऱ्हाऊ द्या," कोंडाजी म्हणाले. "आपुन निषेध करतोय, उद्धटपना न्हाई."

खलिता गेला. ठरावाची एक प्रत मामलेदार कचेरीत गेली. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे दारावर थाप पडली. इनास पावाची भरलेली टोपली घेऊन उभा. "साहेब, मी पिंपरीला गेलो तर शीव ओलांडीन. मग परत आत कसा येणार? ठराव आहे."

"अरे, तुला कोण अडवतंय?"

"तुम्हीच लिहिलाय ना? मग मी मोडणार नाही."

हा माणूस आमचा मान ठेवत होता की शांतपणे आमची जिरवत होता, हे मी त्याच्या तोंडाकडे बघून पुष्कळ वेळा ताडून पाहिलं. त्याचं तोंड नेहमीसारखंच होतं. खडकीला जाताना पिंपरी माझ्या वाटेवर पडते. तेव्हा पोर्तुगालशी संबंध तोडणारा मी, लोकनियुक्त सभासद, रोज सकाळी सायकलच्या कॅरियरवर पावाची टोपली बांधून कारखान्याच्या मागच्या दाराशी घंटी वाजवू लागलो. तिथला आचारी मला 'ए पाववाले' म्हणायचा. एकदा माझ्या ऑफिसातल्या हेडक्लार्कनी मला रस्त्यात पाहिलं आणि आपल्या घरी किती पाव लागतात ते सांगितलं. मी त्यांना पंचायत, परराष्ट्र संबंध, तत्त्वाचा प्रश्न हे सगळं समजावून दिलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पाव ताजे असावेत असं बजावलं. पिंपरीच्या निर्वासित वसाहतीत कापडाचं दुकान असलेले एक सिंधी गृहस्थ रोज दारात उभे असत. त्यांनी एकदा सगळी हकीकत विचारून घेतली. म्हणाले, "साहेब, आम्हाला घर सोडताना कुणी कागद विचारला नाही." मग एक पाव मागून घेतला.

शेवटी गोव्याहून आत्याचं पत्र आलं, आत बोस्त्यांवचा निरोप. इनासने ते पारावर, सगळ्यांसमोर, वाचता वाचता मराठी करून सांगितलं. बोस्त्यांव म्हणत होता, की शब्द द्यायला माणसं आली होती हे सगळ्या कुळेंला कळलं. ती परत गेली, पण लिहिलेलं त्यांनी खोडलं नाही. असलं खोडणाऱ्यांच्या गावात मी मुलगी दिली नसती. खानसाम्याला नकार कळवला आहे. परिस्थिती बिघडण्याच्या आत मुलीला तिच्या मावशीबरोबर पाठवतो. लग्न तिकडेच लावा.

पारावर एकच आनंद झाला. मारुतरावांनीही इनासच्या पाठीत धपाटा घातला. कोंडाजी मिशीवर हात फिरवत माझ्याकडे बघत होते, की बघा, खोडलं असतं तर?

"पुढं काय म्हनतोय?" त्यांनी विचारलं.

इनासने कागद उलटला. "पुढे एवढंच आहे, की मी येऊ शकत नाही. तुमच्या कागदावर माझं नाव होतं म्हणून पोलीस घरी आले. आता दर आठवड्याला ठाण्यावर हजेरी लावायची, गाव सोडायचं नाही. माझ्या वतीने तुम्हीच उभे राहा."

बोस्त्यांवचं नाव कागदावर मी लिहिलं होतं, शेजारच्या क्रुसासकट. आणि त्या कागदाची सगळ्या ठाण्याला ओळख करून दिली होती कोंडाजींच्या शिक्क्याने. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. कोंडाजींचा हात मिशीवरून खाली आला, तो पुन्हा वर गेला नाही. त्या दिवशी ते पारावरून सगळ्यांच्या आधी उठून घरी गेले.

आता पहिलं काम ठराव रद्द करायचं. आनमारी येणार, ती पोर्तुगीज प्रजा. तिची मावशीही. मी चिंचवडहून गाडी पकडून थेट मामलेदार कचेरीत गेलो, तर तिथे आमच्या ठरावावर काम चालू होतं. तिथून लेखी उत्तर मिळालं: परराष्ट्र व्यवहार हा विषय ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत येतो किंवा कसे, याबाबत वरिष्ठांकडे विचारणा करण्यात आली आहे, निर्णय होईपर्यंत परिस्थिती जैसे थे ठेवावी, आणि ठरावाच्या आणखी चार प्रती पाठवाव्यात. मी हात जोडून म्हटलं, साहेब, आम्हीच केला, आम्हीच मोडतो. तेव्हा तिथल्या भाऊसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "करणं तुमच्या हातात होतं," ते म्हणाले. "आता तो सरकारदरबारी आहे."

हे कळताच मारुतराव देशभक्त झाले. ठराव मूळ त्यांना सुचला नव्हता, याचं त्यांना दुःख होतं. आता तो राखायला निदान तेच पुढे आले. "जैसे थे म्हंजे जैसे थे," ते म्हणाले. "सरकारी हुकूम हाय. मुलीला भोसरीत ठेवा, निर्णय झाला की आना." निर्णय केव्हा होणार ते कोंडवाड्याच्या कुलपावरून आम्हाला ठाऊक होतं.

ती आली त्या दुपारी सगळं गाव शिवेवरच्या म्हसोबापाशी जमलं होतं. चिंचवड स्टेशनहून बैलगाडी आली आणि म्हसोबाच्या पलीकडे थांबली. आत एक सुकलेल्या चेहऱ्याची, पण ताठ बसलेली मुलगी, मांडीवर पत्र्याची छोटी पेटी. शेजारी मावशी जपमाळ ओढत होती. अलीकडे इनास उभा, नवीन कोटात, पाय शिवेच्या रेषेला लावून. तो पुढे जाईना. त्याने तिला याआधी पाहिलं होतं ते एकदा गोव्याला आत्याकडे गेला असताना, तिच्या पहिल्या कम्युनियनच्या म्हणजे चर्चमधल्या पहिल्या प्रसादाच्या वेळी, ती सात-आठ वर्षांची असताना. दोघं पोर्तुगीज प्रजाजन एकमेकांकडे बघत होते, आणि मधे मारुतराव हात पसरून उभे.

"माझं काय वैर न्हाई," मारुतराव म्हणत होते. "पन कागद हाय."

मी कोंडाजींकडे पाहिलं. एवढा वाघासारखा माणूस, पण ते त्या मुलीकडे बघूच शकत नव्हते. मला कळलं, तिच्यात त्यांना तिचा बाप दिसत होता.

तेवढ्यात गर्दी बाजूला सारत गोजाबाई आल्या. कोंडाजींच्या पत्नी. हातात ताट, ताटात खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. त्यांनी आमच्यापैकी कुणालाही काही विचारलं नाही. नवऱ्याच्या समोरून, मारुतरावांच्या हाताखालून, त्या तडक शीव ओलांडून गाडीपाशी गेल्या.

"उतर गं बाय," त्या म्हणाल्या. "पदर पुढं कर."

मुलीने फ्रॉकचा घेर दोन हातांनी पुढे धरला. गोजाबाईंनी तिथेच, बैलांच्या समोर, तिची ओटी भरली. मावशी घाबरून छातीवर हाताने क्रूस करायला लागली, तिलाही त्यांनी हळदकुंकू लावलं. मग मुलीचा हात धरून त्या आमच्याकडे वळल्या.

"ही आता माजी लेक. लेक म्हायेरला आलीय. उद्धवराव, तुमच्या ठरावात म्हायेरला येनाऱ्या लेकीला अडवायचं लिवलंय का?"

ठराव मला तोंडपाठ होता. मी मनातल्या मनात तो पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून पाहिला. "नाही," मी म्हणालो. "तसं काही लिहिलेलं नाही." माझ्या सार्वजनिक आयुष्यातलं एवढं सुखाचं वाक्य मी दुसरं बोललेलो नाही.

"आन् ती बरूबर आलेली?" मारुतरावांनी मावशीकडे बोट दाखवलं, पण त्यांचा आवाज उतरला होता.

"लेकीची पाठराखीन," गोजाबाई म्हणाल्या. "आता तुमी हात खाली घ्या. इनासला कोन वडीलधारं न्हाई. आमी तर मुलीकडचे झालो. नवऱ्याकडून कोन उभं ऱ्हानार?"

मारुतरावांनी हात खाली घेतले. मग फेटा सारखा केला, घसा खाकरला आणि कोंडाजींकडे वळले.

"म्हंजे आमी वरपक्ष," ते म्हणाले. "आनि मुलीकडच्यांनी अजून आमाला पानी बी इचारलं न्हाई!"

त्यानंतर आठवडाभर मारुतरावांनी कोंडाजींना जे छळलं, ते पोर्तुगालला जमलं नसतं. मानाचा फेटा हलका आहे, पंगतीत पहिलं पान आमचं नाही, जिलेबी कडक आहे. पंचायतीत वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न बघणारे हे दोघे, पण कोंडाजी वधूपिता, म्हणजे हात जोडणं भाग. आनमारीच्या मावशीने त्यांच्याकडची रीत म्हणून नारळाचं दूध अंगाला लावायचा समारंभ केला, त्यात गोजाबाईंनी हळद कालवली. मुलगी चार दिवस पिवळी दिसत होती. ती फार बोलायची नाही. एकदा मात्र कोंडाजींना म्हणाली, "पाय, तुमी जेवले?" त्यांच्याकडे बापाला 'पाय' म्हणतात. कोंडाजी जेवलेले होते, तरी पुन्हा पानावर बसले.

लग्न खडकीच्या चर्चमध्ये लागलं. तिथे मुलीला हाताला धरून वेदीपर्यंत बापाने न्यायचं असतं. कोंडाजींनी जोडा बाहेर काढला, फेटा तसाच ठेवला आणि तिला घेऊन चालू लागले. देवळात जाताना ते नेहमी लवकर चालतात. इथे इतके सावकाश गेले, की बाजाच्या पेटीवाल्याला तीच धून दोनदा वाजवावी लागली.

परत येताना शिवेवर इनास पुन्हा थबकला. गोजाबाई म्हणाल्या, "आता तू जावई. सासुरवाडीला येनाऱ्या जावयाला कोन अडवनार हाय?" तो आला. दुसऱ्या दिवसापासून माझी सायकल मोकळी झाली.

संध्याकाळी पाठवणी. कोंडाजींच्या ओसरीवरून उतरायचं, पार ओलांडायचा, की समोर इनासची भट्टी. आनमारी पाया पडली आणि कोंडाजींना एकदम हुंदका आला. आधी आम्हाला वाटलं, रीत म्हणून रडतायत. मग ते थांबेचनात. मारुतराव मानपानाचं काहीतरी बोलायला उठले होते, ते तसेच खाली बसले. मला कुणाच्या तोंडाकडे बघवेना.

गोजाबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "अवं, असं काय करताय? पलीकडं तर चाललीय. भट्टी हितनं दिसती की."

"मला दिसती गं," कोंडाजी म्हणाले. "तिच्या बापाला कुठं दिसती?"